आप्पांच्या कठड्यातला ठ

आमच्या समोर राहणारे परशराम आप्पा रोज सकाळी साडेसहाला लोखंडाला जागं करतात. हे शब्द माझे नव्हेत, त्यांचेच. सोप्याच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, कठड्यापुढे पाट टाकून बसायचं, तारेच्या ब्रशनं एखादी सळई घासायला घ्यायची आणि कोणी विचारलं, की मान वर न करता सांगायचं, "झोपलंय वो. जागं करूलालोय."

बेळगावात पावसाळा संपतो तो फक्त कॅलेंडरवर. प्रत्यक्षात तो धुकं होऊन आणखी दोन-तीन महिने गल्लीतच मुक्काम ठोकतो. हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची गल्ली आहे. तिथं सकाळी समोरचं घरही धड दिसत नाही. आप्पा दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. खर्र, खर्र, खर्र. मग जरा थांबून एक फुंकर, आणि पुन्हा खर्र.

दोन वर्षांपूर्वी मी मराठी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा एकच निश्चय केला होता. सात वाजल्याशिवाय खिडकी उघडायची नाही. आप्पांनी तो पार पडू दिला नाही. गंमत म्हणजे त्या आवाजानं मी धड जागीही होत नाही. तो माझ्या स्वप्नात शिरतो. कधी स्वप्नात आई खोबरं खवत बसलेली असते. कधी माझा पहिलीचा सगळा वर्ग एकदम पेन्सिलींना टोक काढत असतो आणि सालपटं माझ्या घोट्यापर्यंत येतात. मी ओरडणार, एवढ्यात जाग येते. खिडकी उघडावी तर समोर धुक्यात तांबडी भुकटी तरंगत असते आणि तिच्या मधोमध आप्पा. भुवया तांबड्या, मिशा तांबड्या, कानाच्या पाळ्यासुद्धा तांबड्या.

आप्पा मूळचे बेळगुंदीचे. पस्तीस वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्यात त्यांनी वेल्डिंगचं आणि फिटरचं काम केलं. लोखंडाशी त्यांचा इतका घरोबा, की माणसांशी बोलायला त्यांच्याकडे फारसे शब्द उरले नाहीत. पण गंजाचा विषय काढा. मग त्यांच्याइतका बोलका माणूस गल्लीत नाही.

"लोखंड म्हंजे काय वो बाई?" त्यांनी मला एकदा विचारलं. "तांबडी मातीच की. आमी तिला भट्टीत घातली, काळी केली, सरळ केली, कठड्यात हुबी केली. पर जीव गावाकडंच. जरा डोळा लागला, की निघालं परत माती व्हायाला."

म्हणून गंजाला ते गंज म्हणत नाहीत. 'आठवण' म्हणतात. ह्या सळईला लई आठवण आलीया, त्या कोपऱ्याला आता कुठं यायाला लागलीया, असं चालतं. मी पडले मास्तरीण. मला राहवलं नाही. हवेतला प्राणवायू, पाणी, लोखंड, असा चौथीचा सगळा पाठ त्यांना समजावून सांगितला. त्यांनी ब्रश खाली ठेवून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, तेच की, धुकं पडलं की कुणाला बी गाव आठवतंय.

आठवण घालवायची त्यांची पद्धत मात्र अजिबात स्वप्नाळू नाही. गल्लीतल्या बायकांनी चिंच सुचवली, लिंबूमीठ सुचवलं. एकीनं मोबाइलवर बघून कोल्ड्रिंक ओतायला सांगितलं. आप्पांच्या मते चिंचेची जागा आमटीत आणि कोल्ड्रिंकची जागा गटारात. ते आधी पत्र्याच्या पट्टीनं पापुद्रे काढतात, मग तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. त्यानंतर रॉकेलचं फडकं, त्यानंतर कोरडं फडकं. पाण्याचा थेंब लागू देत नाहीत. शेवटी नखानं सळईवर टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात. झोपलेलं लोखंड 'थप' म्हणतं आणि जागं झालेलं 'टिंग' म्हणतं. टिंग ऐकू आल्याशिवाय ते पुढच्या सळईला हात लावत नाहीत.

आणि घासून झालं, की त्याच दिवशी रेड ऑक्साइडच्या अस्तराचा हात मारायचा, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी पुन्हा आठवण हजर. या नियमापायी त्यांनी गल्लीतल्या यच्चयावत फाटकांना रंग लावून दिलाय. मी तुळशीचं पाणी फाटकाच्या पायाशी ओतते म्हणून मला चारचौघांत झापलंय.

फक्त स्वतःच्या कठड्याला तेवढा त्यांनी रंग लावला नव्हता. रेड ऑक्साइडचा डबा आणि काळ्या रंगाचा डबा खिडकीखाली न उघडता पडून होते. त्यांवर मांजर झोपायचं. आप्पा डाव्या टोकापासून सुरुवात करून आठवड्यानं उजव्या टोकाला पोचायचे, तोवर डावं टोक पुन्हा तांबूस. मग पुन्हा डावीकडून. अशी चार वर्षं. रंग कधी लावणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "सवडीनं."

हा शब्द म्हणजे आप्पांचा कुलूपबंद दरवाजा. दुखरी दाढ काढायची, सवडीनं. पुण्याला मुलाकडे जायचं, सवडीनं. कारखान्यात निवृत्तीचा निरोपसमारंभ झाला तेव्हा हार-नारळ देऊन त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते माइकपाशी गेले, सवडीनं बोलतो म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. मोजून दोन शब्द झाले, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

आता कठड्यातल्या त्या ठविषयी सांगायला हवं, कारण त्यात माझीही इभ्रत गुंतलेली आहे.

आप्पांचा कठडा त्यांनी स्वतः घडवलेला. सळया भट्टीत लाल करून, ठोकून, वाकवून दोन्ही बाजूंना वेलबुट्टी केलेली. मधोमध, वरच्या आडव्या पट्टीला लटकलेला एक मोठा गोल. पट्टीची शिरोरेखा, तिच्यातून उतरलेला छोटा दांडा, खाली गोल. रस्त्यावरून बघणाऱ्या कोणालाही तो स्वच्छ ठ दिसतो. दांड्याला एका बाजूला थोडी शेपटी आहे खरी, पण ती नक्षी असणार, असं आम्ही धरून चाललो.

बत्तीस वर्षांपूर्वी मी या गल्लीत राहायला आले तेव्हापासून ते 'ठ आप्पा' होते. ठ कशाचा, यावर गल्लीत पुष्कळ मतं होती. कोपऱ्यावरच्या टेलरचं म्हणणं, जागेचा जुना मालक कोणी ठाकूर असावा. टवाळ मंडळींच्या मते ठ ठोंब्याचा. आप्पांना विचारलं तर म्हणायचे, असंल काय तरी, सवडीनं सांगतो.

मी मात्र त्या ठचं सोनं केलं. आमची शाळा दोन मिनिटांवर. दरवर्षी ठ शिकवायचा दिवस आला की मी वर्ग रांगेनं कठड्यासमोर आणून रस्त्यात उभा करायची. पुस्तकात ठ ठशाचा होता, माझ्या वर्गात ठ आप्पांचा. पोरं हवेत बोटानं गिरवत ओरडायची, ठ, ठ, ठ. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाचा ठ कधी चुकला नाही, हे मी निरोपाच्या भाषणातही सांगितलं होतं.

पोरांचा गलका सुरू झाला की सोप्यात तांदूळ निवडत बसलेल्या आक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. आक्का म्हणजे आप्पांची बायको. कधी कधी तर इतक्या हसायच्या की सुपातले तांदूळ सांडायचे. लहान मुलांची आवड असते एकेकीला, असं मी समजत होते.

आक्का हुक्केरीकडच्या. माहेरी सगळं कन्नड. मराठी त्या इथं येऊन बोलायला शिकल्या, पण वाचायला शेवटपर्यंत शिकल्या नाहीत. मी शिकवते म्हटलं तर म्हणायच्या, एक अक्षर येतंय की मला, पुरे झालं. नवऱ्याला त्या 'री', म्हणजे कन्नडमधलं 'अहो', म्हणून हाक मारायच्या आणि आप्पा त्यांना 'ऐकलं काय' म्हणायचे. लग्नाची गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. वरात दारात आली, बायकांनी उंबऱ्यावर अडवलं आणि नवऱ्यामुलाला म्हणाल्या, नाव घे. आप्पांना दरदरून घाम. मागून लोक ताटकळलेले, आत पातेल्यातला भात निवलेला. अर्ध्या तासानं आप्पा म्हणाले, "सवडीनं घेतो." बायकांनी हसून वाट दिली. "आजून सवड न्हाय झाली बगा," असं म्हणून आक्का गोष्ट संपवायच्या, आणि आप्पा उठून परसात जायचे.

चार वर्षांपूर्वी आक्का गेल्या. गल्लीत कोणालाच त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. त्या गेल्यावरही आम्ही त्यांना आक्काच म्हणत राहिलो. त्यानंतरच आप्पांनी कठडा घासायला घेतला. रिकामा वेळ खायला उठतो, माणूस काहीतरी धरून बसतो, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि विषय संपवला.

यंदा गणपतीला आप्पांचा मुलगा सुनील पुण्याहून सहकुटुंब आला. त्याची चार वर्षांची लेक पांढरा झगा घालून कठड्याला लोंबकळली आणि उतरली ती पोटावर तांबडे पट्टे घेऊन. झगा नवा होता. तिनं भोकाड पसरलं. सूनबाईंनी लिंबू चोळलं, साबण चोळला, पण गंजाचा डाग तो, जातोय कुठं. सुनीलनं त्याच दिवशी ठरवलं. हा कठडा भंगारात द्यायचा आणि स्टीलचा बसवायचा. ना गंज, ना घासणं. आप्पांनी आता आराम करायचा.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्याकडे आले आणि नुसते बसून राहिले. शेवटी मीच सुनीलला बोलावलं, चहा टाकला आणि तह घडवून आणला. तहाचं कलम एकच. दिवाळीच्या आदल्या दिवशी सुनील पांढरा रुमाल घेऊन कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवेल. रुमाल स्वच्छ राहिला तर कठडा राहील. डाग पडला तर स्टील. दोघांनी मान डोलावली.

मला वाटलं, आप्पांनी लढाई जिंकलीच. गल्लीभर रंग लावून दिलेल्या माणसाला काय अवघड? दोन दिवसांत घासून, रंगवून मोकळे. पण आश्विन निम्मा झाला तरी धुक्यातून खर्र खर्र येतच राहिलं आणि डब्यावर मांजर झोपतच राहिलं. मी तीनदा आठवण केली. तीनदा सवडीनं ऐकून घेतलं. चौथ्यांदा चिडले. म्हटलं, तुम्हाला कठडा ठेवायचाय का घालवायचाय? आप्पांनी फक्त एका सळईला टिचकी मारली.

दिवाळी चार दिवसांवर आली, आणि एका सकाळी मला दचकून जाग आली. आवाजच नव्हता. सगळं धुकं नुसतं गप्प बसलेलं. मी तशीच समोर गेले. कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रुपेरी घासलेला. इतका उजळ मी तो कधी पाहिला नव्हता. आप्पांपुढे डबा उघडलेला होता, हातात रंगाचा ब्रश होता, पण तो तसाच कोरडा. बराच वेळ झाला असावा.

मी विचारलं, काय झालं?

"एकदा रंग चढला की पाच वर्सं हात लावाय नगो, बाई," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. आता ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते. तीस वर्षं मी मुलांना वाक्याचा अर्थ सांगा म्हणून सतावलं, आणि समोर बसलेल्या माणसाचं एवढंसं वाक्य मला समजलं नाही. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ब्रश डब्यात बुडवला.

दोन दिवसांत कठडा काळाभोर झाला. फक्त मधला गोल उघडा. त्याच्यापर्यंत आले की आप्पा थांबायचे. तेवढं सवडीनं, म्हणायचे.

ठरल्या दिवशी सुनील आला. बरोबर स्टीलवाल्यालाही घेऊन आला होता. हा गोकाककडचा माणूस. मराठी समजायचं, पण बोलायचा कन्नडच. तो टेप घेऊन सोप्यात शिरला आणि आतून मापं घ्यायला लागला. सुनीलनं खिशातून पांढरा रुमाल काढला. मी रस्त्यावर उभी होते. आप्पा पाटावर बसून रॉकेलच्या फडक्याला हात पुसत होते, पुसून झाले तरी पुसत होते.

डावीकडची वेलबुट्टी झाली. रुमाल पांढरा. सळया झाल्या. रुमाल पांढरा. सुनीलच्या चेहऱ्यावरही जरा हसू आलं. मग तो मधल्या गोलाशी आला आणि रुमाल त्यावरून गोल फिरवला. उघडं लोखंड, तीन रात्रींचं धुकं. रुमालावर तांबूस वर्तुळ उमटलं.

तेवढ्यात आतून वाकून माप घेणारा स्टीलवाला म्हणाला, "इदु 'र' अल्लेन्री?"

हा र नाही का, असं त्यानं विचारलं होतं. मी त्याला रस्त्यावरूनच ठणकावून सांगितलं, की तो ठ आहे आणि मी तो तीस वर्षं शिकवलाय. त्यानं मान हलवली आणि मला आत यायची खूण केली. मी गेले. आक्का जिथं तांदूळ निवडत बसायच्या, नेमक्या त्या जागी त्यानं मला उभं केलं.

रस्त्यावरून नक्षी वाटणारी शेपटी इथून उजव्या हाताला आली होती. गोल तोच, पण अक्षर दुसरं. रोज बसच्या पाट्यांवर दिसणारा कन्नड र. आतून सुलटा, बाहेरून उलटा. या सोप्यात मी हजारदा चहा प्यायले असेन. पण मला ठ येत होता ना, मग पुन्हा कशाला वाचते?

"आप्पा," सुनील हळूच म्हणाला, "हा आईचा र?"

आप्पांनी फडकं खाली ठेवलं. "लिवलं हुतं की," ते म्हणाले. "तोंडानं जमंना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत भट्टीवर वाकवलं. तिला मराठी वाचाय येत न्हवतं, म्हणून तिच्या अक्षरात. आनि आत बसून तिलाच दिसावं, म्हणून आतल्या अंगानं."

मी विचारलं, मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाही?

"तुमी पोरं घेऊन येत हुता, ठ ठ करत. ती आत बसून हासायची, वो. लई हासायची. म्हणून ऱ्हाऊ दिलं."

मला सांडलेले तांदूळ आठवले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्या मी लपवल्या नाहीत. मग उंबऱ्यावरच्या बायका माझ्या अंगात कशा आल्या कुणास ठाऊक. मी दारात आडवा हात लावून म्हटलं, आप्पा, आता तरी नाव घ्या.

आप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. त्या गोलाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला.

"सवडीनं घेतो," ते म्हणाले.

आम्ही सगळे हसलो, मागचं काही ठाऊक नसलेला स्टीलवालाही हसला. सुनीलनं रुमालाची घडी घातली, डाग आत गेला. ती घडी त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि स्टीलवाल्याला सांगितलं, की फुकट हेलपाटा पडला, माफ कर. मग आप्पांकडे वळून म्हणाला, "रुमालावर डाग न्हाय पडला. कठडा ऱ्हाणार."

दिवाळी होऊन सुनील पुण्याला गेला. आक्कांचं नाव मी त्याला विचारू शकले असते. विचारलं नाही.

आता सकाळचा आवाज फार थोडा वेळ येतो. बाकी कठड्याला पाच वर्षं हात लावायला नको, तेवढा एक गोल रोज घासायचा असतो. धुक्यातून खर्र खर्र येतं, फुंकर येते, मग टिंग. आणि मग, गल्ली अजून झोपलेली आहे अशा समजुतीनं, अगदी हळू, जीभ अडखळत, आप्पा म्हणतात, "रत्ना."

मी जागी आहे हे त्यांना कळू नये, म्हणून सात वाजल्याशिवाय खिडकी उघडत नाही.